कमी पैशात कामाचा कॅमेरा: सेकंडहँड बॉडी कशी पारखावी

लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात, पैसे मोजकेच आहेत, तर मेगापिक्सेलचा विचार सोडा. 12 बाय 36 इंचाचा अल्बम 24 मेगापिक्सेलमध्ये आरामात निघतो. बजेटचे निम्मे पैसे लेन्ससाठी बाजूला काढा.

आपल्याकडे हळद रात्री, वरात रात्री, आणि हॉलमध्ये निळे-जांभळे एलईडी. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) झूम केली की एफ 5.6 वर येते; एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. एफ 1.8 ची लेन्स तिथेच नऊपटीहून जास्त प्रकाश घेते. क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर (डी7200 चा असाच आहे) मात्र 50 मिमी लेन्स साधारण 75 सारखी वागते, घरातल्या हळदीत मागे सरकायला जागाच उरत नाही. तिथे 35 मिमी घ्या.

बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, सेकंडहँडच घ्या. निकॉन डी7200, हात जरा सैल असेल तर डी750. दोन्हींत दोन कार्डांची सोय आहे. कॅनन 6डीचे फोटो छान येतात, पण कार्ड एकच. कार्ड मेलं तर सप्तपदी पुन्हा घेता येत नाही, म्हणून लग्नासाठी मी ती सुचवत नाही.

आता खरा अवघड टप्पा. जळगाव-धुळ्यात विकणारा "टकाटक शे, भाऊ" म्हणतो आणि शटर काउंटचा, म्हणजे आजवर किती क्लिक झाले त्या आकड्याचा, स्क्रीनशॉट पाठवतो. तो बघूही नका. स्वतःचं कार्ड, लॅपटॉप आणि ओळखीची लेन्स घेऊन दिवसाउजेडी जा. निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्ये शटरचा आकडा असतो, एक्झिफटूलसारख्या फुकट सॉफ्टवेअरने तो दिसतो. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतून ही माहिती गळून जाते. कॅननच्या बहुतेक बॉडी फोटोत आकडा लिहीतच नाहीत, तिथे केबल जोडून वाचावा लागतो. या दोन्ही निकॉनचं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. साठ-सत्तर हजारांची बॉडी बिनधास्त बघा.

पण जुन्या ट्रॅक्टरचं नुसतं मीटर बघून कोणी व्यवहार करत नाही. व्हिडिओ चालू असताना शटर मोजलं जात नाही, त्यामुळे 20 हजार क्लिकची बॉडी भुसावळच्या उन्हाळ्यात तासन् तास व्हिडिओ काढून तापलेली असू शकते. म्हणून लेन्सची टोपी लावून, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600 वर दोन सेकंदांचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. लाल-निळे ठिपके दोन-चार असले तर चालतं, शिंपडल्यासारखे दिसले तर उठा. हॉटशू (वरची फ्लॅश बसवायची खाच) घासून पांढरा पडलाय का, ग्रिपचं रबर सुटलंय का, तेही बघा.

मग एफ 16 ला फोकस मुद्दाम बिघडवून मोकळ्या आभाळाचा फोटो घ्या. काळपट गोल डाग म्हणजे धूळ, ती साफ होते. आपल्या भागात ती नसेल तरच नवल. बारीक रेघ दिसली आणि साफ करूनही तिथेच राहिली, तर सेन्सरवर ओरखडा आहे. असा कॅमेरा स्वस्तातही नको.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते फोकसमध्ये. या सगळ्या कॅमेऱ्यांत, म्हणजे डीएसएलआरमध्ये, व्ह्यूफाइंडरचा (डोळा लावायच्या खिडकीचा) फोकस वेगळ्या सेन्सरवर चालतो, बॉडी पडली की तो हलू शकतो. वर्तमानपत्र टेबलावर तिरपं ठेवा, कॅमेरा स्टँडवर लावा. एफ 1.8 ला त्याच ओळीवर एक फोटो व्ह्यूफाइंडरने, एक लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, घ्या. दोन्हींत तीच ओळ कोरीव यायला हवी. थोडा फरक असेल तर डी7200 आणि डी750 मध्ये तो एएफ फाइन ट्यूनने, म्हणजे फोकस जुळवायच्या सेटिंगने, सावरता येतो. डी5300 च्या वर्गात ती सोयच नाही. फरक दर फोटोला बदलत असेल तर मात्र मामला दुरुस्तीचा आहे. विक्रेता "लेन्सचा प्रॉब्लेम आहे" म्हणेल. म्हणूनच आपली लेन्स न्यायची.

बॉडीच्या खालचा सीरियल नंबर, फोटो फाइलमधला आणि बिलावरचा जुळवा. बिल नसेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीचा कागद घ्या, त्याशिवाय पैसे देऊ नका.

मूळ कंपनीची जादा बॅटरी लगेच घ्या. पहिली ऑर्डर घेण्याआधी दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दिवसभर हात साफ करा. पळती जनावरं, संध्याकाळचा उजेड, सगळं तिथे मिळतं. लेन्स मात्र मैदानात बदलू नका, गाडीत बसून काचा लावून बदला.