आकडी आली की आधी घड्याळ बघा

आमच्या ह्यांचा पुढचा दात अर्धा तुटलाय, तो आकडीनं नाही, चमच्यानं. हे सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी. चार वर्षांपूर्वी हळदीचे सौदे चालू असताना पोत्यांच्या थप्पीजवळ एकदम ताठ झाले आणि कोसळले. दातखीळ सोडवायला कुणी चमचा घातला, कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या, दोघांनी हातपाय दाबून धरले. सगळी जीव लावणारी माणसं. पण यातलं काहीच करायचं नसतं, हे मला नंतर मिरजेत मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं.

मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक संदेशांवर चालतात. ते संदेश अचानक एकदम उसळले की आकडी येते. बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. कांदा हुंगवेपर्यंत तेवढी मिनिटं गेलेलीच असतात, म्हणून श्रेय कांद्याला मिळतं.

त्यामुळं पहिली गोष्ट, मोबाइलवर वेळ बघा. जवळ बसणाऱ्याला एक मिनिट अर्ध्या तासासारखं वाटतं, अंदाजावर जाऊ नका. आसपासची खुर्ची, विळी, गरम भांडं लांब सारा. डोक्याखाली टॉवेल, नाहीतर घडी केलेला पदर. शर्टाचं वरचं बटण सोडा, चष्मा काढा. झटके येताहेत ते येऊ द्या. दाबून धरलं तर हाड मोडू शकतं, खांदा निखळू शकतो. आणि तोंडात काहीही घालू नका. जीभ चावली जाते, पण गिळली जात नाही.

मग कुशीवर वळवा. मागच्या पावसाळ्यात पहाटे ह्यांना आली तेव्हा ओठ निळसर झाले, घशातून घरघर यायला लागली. झटके थोडे सैल पडले तसा मी पलीकडचा गुडघा दुमडला, खांदा आणि कंबर धरून त्यांना माझ्याकडं वळवलं, हनुवटी किंचित वर केली. गालावरून गुलाबी फेस टॉवेलवर ओघळला आणि पाठोपाठ एक लांब श्वास आला. घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते. लघवी झाली होती, तर वरून चादर टाकली. चारचौघांत हे आधी करा. बघ्यांना बाजूला काढा.

पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, एक थांबून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, श्वास नीट सुरू झाला नाही, डोक्याला मार लागला, पाण्यात असताना आली, बाई गरोदर आहे किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली, तर लगेच १०८ ला फोन करा.

थांबल्यावर माणूस भांबावलेला असतो, कधी चिडतो, मग झोपतो. हे "कोण आहेस तू?" म्हणून माझ्याकडं बघतात, तेव्हा काळजात चर्र होतं. तरी हळू आवाजात नाव आणि वार सांगत बसायचं. स्वतः नीट बोलेपर्यंत पाणी, चहा, गोळी काही द्यायचं नाही, ठसका लागून फुप्फुसात जातं.

प्रत्येक आकडी अशी दिसत नाही. शेजारच्या तिसरीतल्या मुलीची नजर दहा सेकंद थिजायची, बोलता बोलता वाक्य तुटायचं. शाळेत "लक्ष नाही" म्हणून बोलणी खायची. तीही आकडीच निघाली.

गोळी चुकली, जागरण झालं की ह्यांना धोका जास्त. म्हणून गणपतीच्या मिरवणुकीतूनही अकराला घरी. कृष्णेत एकट्यानं पोहणं बंद, न्हाणीला आतून कडी नाही. डॉक्टरांना न विचारता गोळ्या एकदम थांबवणं तर सगळ्यात वाईट.

ह्यांना कॉलेजात दोनदा आकडी आली होती, पण लग्न जमेना म्हणून घरच्यांनी लपवली. हिंदू विवाह कायद्यातली, लग्न करणाऱ्याला अपस्मार (वारंवार आकडी येण्याचा आजार) नसावा ही अट १९९९ मध्येच काढून टाकलीय, भीती मात्र घराघरांत आहे. दुकानातही कुणाला माहीत नव्हतं, त्याचा परिणाम तो चमचा. नंतर मी स्वतः जाऊन हमालांना पोत्यावर आडवं होऊन कुशीवर वळवून दाखवलं. ह्यांच्या खिशात गोळ्यांची नावं आणि माझा नंबर असलेली चिठ्ठी असते.

गेल्या मार्चमध्ये दुकानातून फोन आला. "वहिनी, दोन मिनिटं वीस सेकंद. कुशीवर आहेत. तोंडात काही घातलेलं नाही. सावकाश या."