गरोदरपणातला अपघात आणि मानसिक त्रासाची भरपाई : या चुका टाळा

गाडीने धडक दिली, हाताला खरचटलं, पोटातलं बाळ सुखरूप. थोडक्यात निभावलं म्हणत घरचे मोकळे होतात. तिला मात्र रात्र रात्र झोप लागत नाही. बाळाची हालचाल जरा मंदावली की धस्स होतं, हॉर्न ऐकला की अंग थरथरतं. या त्रासाची भरपाई मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात जखमींच्या भरपाईची जी शीर्षं (म्हणजे कशाकशासाठी भरपाई मिळते ते प्रकार) आखून दिली, त्यात ‘वेदना, यातना आणि मानसिक आघात’ हे स्वतंत्र शीर्ष आहे आणि ते साध्या दुखापतीतही लागू होतं. पुढच्या उपचारांचा खर्च मात्र दुखापत गंभीर असेल आणि ठोस वैद्यकीय पुरावा असेल तरच मिळतो. म्हणजे पुढे वर्षभर समुपदेशन लागणार असेल, तर नुसतं ‘लागणार आहे’ म्हणून भागत नाही.

‘मला काही झालं नाही’ म्हणून घरी जाणं

ही चूक आधी जिवाशी आणि मग दाव्याशी खेळते. आईला वरवरचंच लागलेलं असतानाही गर्भाशयात वार (प्लॅसेंटा) सुटू शकते आणि सोनोग्राफीत ती दरवेळी दिसतेच असं नाही. म्हणून गरोदरपणाचे साधारण पाच-सहा महिने उलटलेले असतील तर किमान चार तास बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात; पोट दुखत असेल किंवा कळा येत असतील तर त्याहून जास्त. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना तिथेच विचारा, ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. त्या चार तासांत तिच्या मनात काय चाललं होतं, हे न्यायाधिकरणाला सांगणारा पहिला कागदही तिथेच तयार होतो.

दोन फायली वेगळ्या राहणं

मला विचाराल तर सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. अपघाताची फाइल सरकारी दवाखान्यात सुरू होते, गरोदरपणाची आधीपासून गायनॅककडे असते. पहिलीत ‘रस्ता अपघात, उजव्या कोपराला खरचटले’ एवढंच लिहिलेलं. गरोदरपणाचा उल्लेख नाही. दुसरीत ‘२६ आठवडे, पोटात दुखते’ असं आहे; अपघाताचा उल्लेख नाही. मग उलटतपासणीत विमा कंपनीचा वकील दोन्ही कागद समोर ठेवतो आणि विचारतो, यांचा एकमेकांशी संबंध कुठे लिहिलाय?

तेव्हा एमएलसी (अपघाताची पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करणाऱ्या डॉक्टरांना गरोदरपणाचे आठवडे लिहायला लावा. गायनॅककडे गेल्यावर ‘अमुक तारखेच्या अपघातानंतर तपासणीसाठी’ असं केस पेपरवर यायला हवं. पोलिसांच्या जबाबात हे राहून गेलं असेल तर पुरवणी जबाब देता येतो. दवाखान्याचे आतले कागद, म्हणजे नर्सच्या नोंदी, ठोक्यांचा आलेख, हे डिस्चार्ज कार्डापेक्षा जास्त बोलतात. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. फार थांबू नका, नोंदी जपण्याचं बंधन तीन वर्षांपुरतंच असतं.

‘टेन्शन आहे, जाईल’ म्हणत मानसोपचार टाळणं

अपघातानंतरचे पहिले काही दिवस घाबरलेपण कोणालाही असतं. पण दचकून उठणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणं, गाडीत बसायचं टाळणं हे महिन्याहून जास्त टिकलं, तर डॉक्टर त्याकडे आघातोत्तर मानसिक विकार म्हणून बघतात. तपासणी वेळेत झाली तर तारखांची साखळी जुळते. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी पहिल्यांदा गेलात, तर समोरून ‘हे बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे’ असा युक्तिवाद ठरलेलाच. गरोदरपणात औषधं घ्यायची भीती वाटते म्हणूनही अनेकजणी जात नाहीत. पण तपासणी म्हणजे लगेच गोळ्या नव्हेत.

नुसतं प्रमाणपत्र जोडूनही भागत नाही. ते देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झाली नाही तर त्याला फारसं वजन राहत नाही. तिच्या स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात ‘मला मानसिक त्रास झाला’ हे वाक्य पुरत नाही. कामावर जाणं कधी थांबलं, रात्री किती वेळा उठते, हे लिहा. आधीचा गर्भपात किंवा जुना मानसोपचार लपवू नका. तो उलटतपासणीत बाहेर आला, तर खरी गोष्टही खोटी वाटायला लागते.

घाईने तडजोडीवर सही करणं

कलम १४९ नुसार अपघाताची माहिती मिळाल्यावर विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असतो. ऑफर चांगली असू शकते, पण ३० दिवसांत तर बाळंतपणही झालेलं नसतं. शिवाय कलम १६४ अन्वये, चूक कोणाची हे सिद्ध न करता, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. ते कलम १४९ च्या या तडजोडीच्या पद्धतीने स्वीकारले की न्यायाधिकरणातला कलम १६६ चा दावा संपतो. सही करण्याआधी हे वकिलांकडून नीट समजून घ्या.

बाळ गेलं असेल तर एकच मागणी करणं

आईचा मानसिक आघात वेगळा आणि बाळाच्या मृत्यूची भरपाई वेगळी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये पाच महिन्यांपुढच्या गर्भाला जन्मलेल्या बाळाच्या बरोबरीने धरलं होतं. वकिलांनी दोन्ही मागण्या स्वतंत्र मांडल्या आहेत का, हे अर्ज वाचून बघा. हा अर्ज वाचणं सोपं नसतं. घरातल्या दुसऱ्या कोणी वाचला तरी चालेल.

मुदत विसरणं

१ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तिसऱ्या महिन्यात अपघात झाला, तर ही मुदत बरोबर बाळंतपणाच्या धामधुमीत संपते. अपघात झाला त्याच गावात खेटे घालायची गरज नाही, राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. आधी अर्ज दाखल करा. मानसोपचाराचे पुढचे कागद नंतर जोडता येतात.