सोसायटीच्या ग्रुपवर आलेली सीसीटीव्हीची क्लिप कशी पाहावी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या गृहसंकुलांत प्रवेशद्वारापासून लिफ्टपर्यंत कॅमेरे बसलेले असतात आणि त्यांतली एखादी क्लिप ‘या माणसापासून सावध राहा’ एवढ्या मजकुरासह सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणे नेहमीचे झाले आहे. त्या क्लिपमध्ये बहुधा डिलिव्हरीसाठी आलेला मुलगा, घरकामाच्या मावशी किंवा भंगारवाला असतो, आणि त्यांपैकी कोणालाही त्या ग्रुपवर आपली बाजू मांडता येत नाही.

प्रथम मजकूर बाजूला ठेवून क्लिप पाहावी आणि डोळ्यांना जे दिसते तेवढेच एका वाक्यात लिहून काढावे. मजकूर म्हणतो, ‘चोर दारे चाचपतो आहे’. चित्रात मात्र पाठीवर बॅग घेतलेला एक तरुण दारांवरच्या पाट्या वाचतो, मोबाईलकडे पाहतो आणि परत फिरतो. तो चोर असल्याचे कॅमेऱ्याने कुठेही सांगितलेले नसते. ते आपण ठरवलेले असते, आणि त्याची जबाबदारीही आपलीच असते.

त्यानंतर क्लिपची दोन टोके तपासावीत, कारण बहुतेक वेळा खोटेपणा तिथेच असतो. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेबरोबर देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेला होता. त्यात पळवलेले मूल शेवटी परत आणून दिले जाते, आणि नेमका तोच शेवट कापलेला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. म्हणून कोपऱ्यातील वेळेचे आकडे सलग धावतात की मध्येच उडी घेतात, हे पाहावे. अर्थात, हालचाल टिपल्यावरच चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यात मधला काळ आपोआपही गळतो. शंका असल्यास सेक्रेटरींकडे आधीचे व नंतरचे चित्रण लगेच मागावे, कारण जागा भरल्यावर यंत्र जुने पुसून त्यावर नवे नोंदवते.

क्लिप खरी निघाली, तरी ती ग्रुपवर टाकण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, आणि माझ्या मते तो फ्लॅटमालकाइतकाच मावशींचाही आहे. चोरी झाली असल्यास चित्रण समितीला व पोलिसांना द्यावे. शेजाऱ्यांना सावध करायचे तर घटना शब्दांत सांगावी, चेहरा दाखवू नये.

संशय खोटा ठरल्यास क्लिप गुपचूप काढून टाकणे पुरेसे नाही, कारण पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. ज्या ग्रुपवर आरोप झाला तिथेच स्पष्ट शब्दांत खुलासा करावा आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकालाही प्रत्यक्ष भेटून सांगावे, कारण त्याच्या मोबाईलमध्ये तोच फोटो असतो आणि उद्या त्या मुलाला तोच अडवणार असतो.