पहिला खिशातला चाकू: ओपिनेल नंबर ८ कसा निवडायचा आणि सांभाळायचा

पहिल्यांदाच खिशात बाळगायला घडीचा चाकू घेत असाल तर ओपिनेलचा नंबर ८ घ्या, आणि तोही कार्बन पोलादाच्या पात्याचा. याहून देखणे, याहून महाग चाकू पुष्कळ आहेत. पण चाकू कशामुळे चालतो आणि कुठे अडतो हे नुसतं हाताळून कळावं, इतकी उघडी रचना मला दुसऱ्या कुठल्या चाकूत दिसली नाही. आंब्याच्या हंगामात तो माझ्याबरोबर बागेत असतो, एरवी स्वयंपाकघरात.

हा चाकू फ्रान्सच्या आल्प्समधल्या साव्वा प्रांताचा. जोसेफ ओपिनेलचे वडील कुऱ्हाडी-कोयत्यांसारखी हत्यारं घडवत. पोराने १८९० मध्ये त्याच भट्टीवर शेतकऱ्यांसाठी साधा घडीचा चाकू केला. १८९७ पर्यंत १ ते १२ अशी मापं ठरली. त्यांतली १ आणि ११ पुढे बंद झाली, बाकीची आजही तशीच मिळतात. पात्यावर मुकुट आणि आशीर्वादाचा हात असा शिक्का असतो. विकत घेताना आधी तो बघा आणि त्याच्याजवळ ‘कार्बोन’ लिहिलंय की ‘इनॉक्स’, तेही वाचा. इनॉक्स म्हणजे स्टेनलेस.

नंबर ८ चं पातं साडेआठ सेंटीमीटर. नंबर ६ सात सेंटीमीटरचा, लहान हाताला छान बसतो, पण कलिंगडाची फोड करायला घेतलात की अपुरा पडतो. नंबर १० खिशात टोचतो. आठ सगळ्यांना पुरतो.

आता रचना बघा. भाग पाचच: पातं, लाकडी मूठ, मुठीच्या तोंडावर घट्ट बसवलेली धातूची टोपी, आरपार गेलेला रिव्हेट आणि फिरणारं कडं. आत स्प्रिंग नाही. लायोल नावाच्या दुसऱ्या फ्रेंच घडीच्या चाकूत मुठीच्या पाठीला पोलादी पट्टी असते. ती पात्याला उघड्या-मिटलेल्या अवस्थेत दाबून धरते, आणि मिटताना जो ‘टक्’ आवाज येतो तो तिचाच. तो आवाज मलाही आवडतो. पण ती पट्टी पातं फक्त दाबते, अडकवत नाही. ओपिनेलमध्ये पूर्वी नुसतं लाकूडच पात्याला आवळून धरायचं. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने फिरतं कडं बसवलं. पातं उघडा, अंगठ्याने कडं फिरवा, की पात्याची वाट बंद होते. कडं दोन्ही बाजूंना फिरतं, त्यामुळे डावखुऱ्यांचीही अडचण होत नाही. आता मिटलेलं पातंही कड्याने अडकवता येतं. खिशात टाकण्याआधी ते अडकवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

दुकानात हाती घेतल्यावर तीन गोष्टी तपासा. मिटलेलं पातं खाचेच्या मधोमध बसतंय का? उघडून कडं फिरवल्यावर पातं डावी-उजवीकडे हलत नाही ना? आणि कडं अंगठ्याच्या बळाने फिरतंय, पण आपोआप घरंगळत नाही, असं आहे का?

कार्बन पोलादाबद्दल लोक घाबरवतात की गंजतं. आपल्या घरातली लोखंडी विळी आठवा: तीही काळी पडते, आणि तिच्यासारखी धार स्टेनलेसच्या साध्या सुरीला सहसा टिकत नाही. कार्बन पात्याचं तसंच आहे. काळा थर आणि लाल गंज यांत फरक आहे. लाल गंज पोलाद खातो. काळा-निळसर थर पोलादावर बसून राहतो आणि लाल गंजाला बऱ्यापैकी रोखतो. म्हणून तो थर मुद्दाम चढवायचा. नवं पातं भांड्याच्या साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा, पुसा, आणि कैरी कापायला घ्या. फोडींचा रस पात्यावर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, मग धुऊन कोरडं करा. कैरी नसेल तर लिंबू, कांदा, नाहीतर व्हिनेगर. दोन-चार वेळा केलं की पातं राखाडी होतं, कुठे निळं, कुठे जांभळट. सुरुवातीला फळाला थोडी लोखंडाची चव येते, ती नंतर जाते. कुठल्या फळाने कुठे डाग पाडला हे पात्यावर दिसत राहतं, आणि मला या चाकूचं सगळ्यात जास्त प्रेम त्याचमुळे आहे. फणस मात्र या चाकूने कापू नका. चीक मुठीच्या खाचेत गेला की निघता निघत नाही.

कोकणातल्या पावसाळ्याचा त्रास पात्यापेक्षा मुठीला जास्त. मूठ बीच नावाच्या युरोपीय झाडाच्या लाकडाची असते. दमट हवेत लाकूड फुगतं, खाच आवळते आणि पातं नखाने ओढून निघत नाही. पक्कड लावू नका. साव्वातले लोक कड्याचं कुलूप उघडून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, तेवढ्याने पात्याचं टोक वर येतं आणि धरता येतं. कायमचा उपाय हवा असेल तर मूठ सावलीत पूर्ण वाळवा, बारीक पॉलिश पेपर पातळ पुठ्ठ्याला गुंडाळून खाचेच्या आतल्या दोन्ही भिंती हलक्या घासा, मग मुठीला जवसाचं तेल मुरवा. तेल वाळायला काही दिवस द्या. घाई केली तर मूठ चिकट राहते. रिव्हेटजवळ औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन एक थेंब पुरे. पात्याला खोबरेलाचं बोट फिरवलं तरी चालतं. धुताना चाकू पाण्यात बुडवून ठेवायचा नाही: ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने पुसा, आणि तासभर उघडाच राहू द्या.

धार लावायला १००० ग्रिटचा दगड पुरतो (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचा बारीकपणा). तो ओला करा, पातं आडवं ठेवा आणि पात्याची पाठ दगडापासून साधारण अर्धा सेंटीमीटर उचला, म्हणजे एकावर एक तीन नाणी ठेवल्यावर होते तेवढी. नंबर ८ च्या रुंदीला यातून पंधरा अंशांच्या आसपास कोन मिळतो. मुळापासून टोकापर्यंत एकसारखं ओढा, टोकाला येताना मूठ किंचित वर घ्या. एका बाजूला घासत राहिलं की दुसऱ्या बाजूच्या कडेवर बोटाला बारीक खरखर लागते. ती संपूर्ण लांबीवर जाणवली तरच बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने ओढा. पातं दोन मिलिमीटरहूनही पातळ असल्याने धार लवकर येते. त्याच कारणाने त्याने नारळ उचकटू नका, डबे उघडू नका, पिळून तर अजिबात वापरू नका.

विमानाने जाताना तो चेक-इन बॅगेतच टाका. आणि घरात चाकू मागणारं मूल असेल तर त्याला तुमचा देऊ नका. लहान मुलांसाठी गोल टोकाचा नंबर ७ निघतो, कडं त्यालाही असतं. तो घ्या, शेजारी बसा, आणि सुरुवात केळ्याने करा.