मुलांच्या हातात फोन देऊन लंबक करून घेण्याआधी

चार्जिंग, वायफाय वगैरे सांगत बसत नाही. फोनच दोरीला टांगून त्याचा लंबक करायचा आहे, तेव्हा फायफॉक्स (फोनच्या सेन्सरने मोजमाप करणारं अ‍ॅप) आदल्या दिवशी टाका आणि प्रत्येक फोनवर लंबकाचा प्रयोग एकदा उघडून बघाच, कारण त्याला जायरोस्कोप, म्हणजे फोनचं फिरणं मोजणारा सेन्सर, लागतो आणि काही स्वस्त फोनमध्ये तो नसतोच, हे तासाला कळलं की संपलं.

मग नावं. लांबी कोण मोजणार, फोन कोण सोडणार, गूगल शीटमध्ये आकडे कोण भरणार, प्रत्येक कामापुढे नाव. 'गट 3' नाही चालणार, मुलाचं नाव. मागच्या वेळी मी एकच शीट केली आणि लिंक असेल त्या कुणालाही एडिट करता येईल अशी सोडली, म्हटलं भरतील जबाबदारीने. कुणीतरी आवर्तकालाचा (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचा) तेवढा एकच रकाना सॉर्ट केला, लांब्या जागच्या जागी, वेळा खालीवर, 1 मीटरसमोर 1 सेकंद आणि 25 सेंमीसमोर 2, हवं नेमकं उलट. विचारलं तर सगळे 'मी नाही मॅडम'. व्हर्जन हिस्टरी उघडली तर तिथेही नाव नाही, लॉगिन कुणी केलंच नव्हतं ना! त्यामुळे लॉगिन करूनच एडिट, आणि ज्याचा रकाना त्यालाच, बाकी सगळं प्रोटेक्ट. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

लांबी फोनच्या मध्यापर्यंत मोजायची, वरच्या कडेपर्यंत नाही. कोन 10 अंशाच्या आत. 60 पर्यंत नेला की आवर्तकाल 7 टक्के वाढतो, आणि मुलं नेतातच, मजा येते म्हणून. खाली उशी ठेवा.

प्रयोगाआधी अंदाज लिहून घ्या, लांबी चौपट केली तर वेळ किती पट? हेही नावासकट. बरेच जण चौपट लिहितील (होते दुप्पट), लिहू द्या, आकडे आले की आपलं आपल्याला कळतं. आणि एखादा आकडा विचित्र दिसला तर आपण हात लावायचा नाही, ज्याचं नाव आहे त्याने परत मोजायचं. माझा हात फार शिवशिवतो अशा वेळी. पण नाव असेल तरच हे जमतं, नाहीतर परत 'मी नाही मॅडम'.

आलेख शीट काढते. त्यावरून जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, 9.8 च्या आसपास आला की बास. शीटची एक कॉपी स्वतःकडे. फोन मोजून परत घ्या. आणि नावं फोन वाटायच्या आधी टाका, नंतर कुणी ऐकत नाही.