सोशल मीडियाला महिनाभर सुट्टी द्यायचीय? आधी एक वही घ्या

अ‍ॅप उडवायची घाई करू नका. आधी एक साधी वही घ्या आणि तीन दिवस फक्त एवढंच लिहा की मोबाईल हातात आला तेव्हा किती वाजले होते आणि आपण काय करत होतो. माझी यादी निघाली ती अशी, नळाला पाणी यायची वाट बघताना (आपल्याकडं पाणी काही दिवसांआड, कधी पहाटे तर कधी रात्री, सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको), दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना, जेवताना आणि झोपायच्या आधी. चारच जागा, पण सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडून बघितलं तर रोजचे साडेतीन तास ह्या चार जागांत जायले होते. आयफोन असेल तर स्क्रीन टाईममध्ये हेच दिसतं.

मी ह्याच्या आधी दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळेला जोरात सगळं बंद केलं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी परत चालू, कारण पाण्याची वाट बघायचा तो तास तसाच रिकामा होता. तेव्हा कळालं की ह्या चार जागांना आधी दुसरं काहीतरी ठरवून ठेवायला लागतं, मग बंद करायचं.

तिसऱ्यांदा मनापासून का केलं ते सांगतो. आई उखळात शेंगाची चटणी कुटत होती. भाजून सालं काढलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ, तिखट, आणि ते तेल सुटून गोळा व्हायला लागेपर्यंत कुटायचं, हे लई वेळाचं काम. मी शेजारीच बसलेलो, हातात रील्स. आई तिच्या लहानपणचं काहीतरी सांगायली होती, मी हं हं करायलो होतो. मग मुसळाचा आवाज थांबला. मी वर बघितलं तर आई माझ्याकडं बघायली होती, म्हणली, "मी काय सांगायली, ऐकायलास का रे?" मला एक शब्द सांगता आला नाही. ती काही बोलली नाही, परत कुटायला लागली. आईचं वय आता सत्तरच्या पुढं आहे, ती गोष्ट तिनं मला परत कधी सांगितली नाही आणि मलाही विचारायला तोंड राहिलं नाही.

आता मोबाईलचं. इन्स्टाग्राम आणि फेसबुकला डिअ‍ॅक्टिव्हेट आणि डिलीट असे दोन वेगळे पर्याय असतात. महिनाभराच्या सुट्टीला डिअ‍ॅक्टिव्हेट बास. अकाउंट लोकांना दिसत नाही, फोटो-बिटो जागेवर राहतात, परत लॉगिन केलं की सगळं चालू, म्हणून "जरा बघू" म्हणून सुद्धा लॉगिन करायचं नाही. फेसबुक डिअ‍ॅक्टिव्हेट केलं तरी मेसेंजर चालू राहू शकतं, ते वेगळं बघा. डिलीट केलं तर ३० दिवसांची मुदत असते, त्यात मन बदललं तर परत मिळतं, नंतर गेलं ते गेलंच. त्यामुळं डिलीट करायच्या आधी आपले फोटो डाउनलोड करून घ्या आणि दुसरं कुठलं अ‍ॅप फेसबुकच्या लॉगिननं चालतंय का ते पण तपासा.

व्हॉट्सअ‍ॅप बऱ्याच जणांना बंद करता येत नाही, मला पण नाही, चादर-टॉवेलच्या ऑर्डरी त्याच्यावरच येतात, पोरांच्या शाळेचा ग्रुप तिथंच. मग असं करा, कामाचे आणि शाळेचे ग्रुप सोडून बाकी सगळे कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, मीडिया आपोआप डाउनलोड व्हायचं बंद करा आणि स्टेटस बघायला जाऊच नका. यूपीआयला फोन लागतोच, त्यामुळं फोन घरी ठेवून फिरा असलं मी सांगणार नाही, पण खिशात शंभर-दोनशे रुपये रोख ठेवा, चहाचे पैसे द्यायला मोबाईल काढला की बाकीचं पण उघडतं.

सगळ्यात मोठी भीती वेगळीच असते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आजकाल कोण वारलं, अंत्ययात्रा किती वाजता, सावडणं कधी, हे सगळं ग्रुपवरच कळतं. आपण बघितलं नाही आणि जवळच्या माणसाच्या मातीला पोचलो नाही तर आयुष्यभर लागून राहतं. म्हणून सुट्टी चालू करायच्या आधी भावकीतल्या एकाला आणि मित्रांतल्या एकाला स्पष्ट सांगून ठेवा की सुख-दुःखाचं काही असलं की मला फोन कर. माझ्या चुलतभावानं महिन्यात दोन फोन केले, एक बारशाचा आणि एक मयताचा, दोन्हीकडं मी वेळेत पोचलो.

मग जागा भरायच्या. पाण्याच्या वेळेला मी आता आईबरोबर बसतो, घागरी घासून ठेवायच्या, टाकी उघडायची, तोवर गप्पा. दुपारसाठी पुस्तक, आणि ते विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, हिराचंद नेमचंद वाचनालय आहे की आपल्याकडं. कागदाचं एक बरं असतं, पान संपतं. मोबाईलवर खाली सरकवत राहिलं तरी न संपणारी ती सोय २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरनं काढली आणि पुढं त्यानंच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. म्हणजे आपण थांबत नाही त्यात आपला एकट्याचा दोष नसतो, थांबायची जागाच काढून टाकलेली असते. पुस्तकात धडा संपला की मान आपोआप वर होते.

जेवताना फोन दुसऱ्या खोलीत, एवढंच. झोपायच्या वेळेला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. गजराचं निमित्त नको म्हणून नवी पेठेतून साधं गजराचं घड्याळ आणा.

रविवार मात्र नीट ठरवा, कारण सुट्टी मोडते ती रविवारीच. आम्ही एकदा पहाटे नान्नजला गेलो, बार्शी रोडनं तासाच्या आत पोचतो. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य म्हणून नाव आहे, माळढोक आता दिसणं लई अवघड, पण काळविटांचा कळप दिसला आणि माझी पोरगी अर्धा तास न बोलता उभी होती. लांब जायचं नसेल तर संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं एक चक्कर मारा, देवळात जरा टेका. महिना जानेवारीत येत असेल तर अजून चांगलं, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या समोरून जाताना आणि संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याला हात वर करून मोबाईल धरायचा नाही, मुठीत अक्षता धरायच्या.

पहिला आठवडा जड जातो. अंगठा आपोआप त्या कोपऱ्यात जातो जिथं आयकॉन असायचं, माझा जायचा, तिथं मी कॅलक्युलेटर आणून ठेवला. चिडचिड होते, विनाकारण फ्रीज उघडला जातो, आठवडा-दहा दिवसांत ते कमी होतं. मध्येच एखाद्या दिवशी घसरलात, तासभर बघत बसलात, तर महिना पहिल्यापासून मोजायला लागू नका. वहीत लिहा कुठल्या जागेला घसरलो, आणि ती जागा नीट भरा.

घरात पोरं असतील तर त्यांच्यावर पहिल्याच दिवशी नियम लादू नका. माझी पोरगी बाराव्या दिवशी स्वतःहून टॅब ठेवून आईजवळ उखळापाशी येऊन बसली, आम्ही तिला काही म्हणालो नव्हतो.

महिना संपल्यावर लगेच सगळं उघडू नका, वहीतच लिहून काढा की काय खरंच अडलं. माझं फेसबुकवाचून काहीच अडलं नाही. इन्स्टा मी डिलीटच केलं, पण आधी फोटो उतरवून घेतले, त्यातले चाळीस स्टुडिओतून छापून आणले आणि अल्बममध्ये लावले. आई आता रात्री जेवणं झाली की चष्मा लावून तो अल्बम मांडीवर घेते, एका फोटोवर बोट ठेवते आणि विचारते, हे कुठलं रे, आणि मी सांगायला लागलो की मध्येच तिला तिचं काहीतरी आठवतं.