दमट हवेत मिरचीची रोपे कशी वाचवली

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जूनमध्ये मिरचीचे बी सहज रुजते. परंतु दोन पाने फुटताच कोवळे रोप मातीलगत मऊ पडून आडवे होते, ही आमच्या परसातली दरवर्षीची अडचण होती. हा मर रोग पिथियमसारख्या मातीतील बुरशींमुळे होतो आणि पाणी साचलेल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत तो झपाट्याने पसरतो.

म्हणून मी परसातील मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व चाळलेले गांडूळखत समभाग घेऊन त्यात ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी मिसळली आणि तळाला छिद्रे असलेल्या ट्रेमध्ये बी सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल, विरळ पेरले. दाट पेरणीचा मोह खरोखर टाळावा, कारण रोपांमधून वारा खेळला नाही तर बाकीची सारी काळजी व्यर्थ जाते. ट्रे पागोळ्यांपासून दूर, पडवीच्या उजेडात ठेवला. पाणी फक्त सकाळी आणि तेही वरचा थर सुकल्यावरच दिले. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात बी साधारणपणे ८ ते १० दिवसांत उगवते.

यंदा बहुतेक रोपे ताठ राहिली. चांगली पाने फुटल्यावर ती गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर लावली; त्यामुळे मुसळधार पावसाचे पाणी मुळांशी थांबत नाही.